टॅली + एक्सेल + फॉक्सप्रो सोडून ईआरपीनेक्स्ट: मार्च क्लोजिंगनंतरचा अनुभव

वापर कुठे, ते आधी: भोसरीतलं मशीनिंगचं वर्कशॉप, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेरून. आधी हिशेब टॅलीत, स्टोअर फॉक्सप्रोच्या जुन्या प्रोग्रॅमवर आणि प्लॅनिंग एक्सेलमध्ये. तिन्हीकडचा स्टॉक कधी जुळायचा नाही. ईआरपीनेक्स्ट म्हणजे हिशेब, स्टॉक आणि उत्पादन एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, ओपन सोर्स. लायसन्स फी नाही, पण सर्व्हर आणि बसवून देणाऱ्याचा खर्च येतोच.

खरं काम आयटम मास्टरचं, म्हणजे प्रत्येक मालाच्या मूळ नोंदीचं. बार किलोत येतो, नग म्हणून बाहेर जातो. 50 मिमी एमएस (माइल्ड स्टील) राउंड बारचं वजन व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला 15.43 किलो. ड्रॉइंगवर लांबी 120 मिमी दिसते म्हणून बीओएममध्ये (एका नगाला लागणाऱ्या मालाच्या यादीत) 1.852 किलो टाकलं, की घोळ सुरू. फेसिंगला 3 मिमी आणि करवतीला 2 मिमी धरले की 125 मिमी होतात, म्हणजे 1.929 किलो. हजार नगांमागे 77 किलोचा फरक. सिस्टीममध्ये बार शिल्लक दिसतो, रॅकवर नसतो, आणि दोष सॉफ्टवेअरला. शेवटच्या तुकड्यांचा हिशेब वेगळाच. स्क्रॅप आयटम पहिल्याच दिवशी उघडून ठेवा. एकदा एंट्र्या झाल्या की आयटमचं मूळ एकक बदलता येत नाही, त्यामुळे किलो की नग हे आधी ठरवा.

ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या शिल्लका, टाकताना येणी-देणी बिलवार घ्या. पार्टीची एकच ढोबळ रक्कम टाकली तर पुढे आलेलं पेमेंट कुठल्या बिलाला लावायचं हा प्रश्न उरतो. सगळं चढवल्यावर ‘टेम्पररी ओपनिंग’ खातं शून्य यायलाच हवं. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

बिलाच्या नंबरात बरेच जण अडकतात. जीएसटीत नंबर 16 अक्षरांच्या आत लागतो आणि ईआरपीनेक्स्टची मूळ नंबर सिरीज 19 अक्षरांची होते. शिवाय बिल रद्द करून अमेंड (दुरुस्त) केलं की मागे ‘-1’ लागतो, म्हणून सिरीज 14 च्या आत बसवा. ई-इनव्हॉइसचा आयआरएन (पोर्टलवरून मिळणारा नोंदणी क्रमांक) 24 तासांतच रद्द होतो, त्यानंतर क्रेडिट नोट. जीएसटीसाठी ‘इंडिया कंप्लायन्स’ हे अॅप वेगळं टाकावं लागतं.

सगळ्यात मोठा फायदा, आणि डोकेदुखीही, म्हणजे स्टॉक आणि खाती एकत्र चालतात. माल सोमवारी आला, वापरला गेला, आणि जीआरएन (माल आल्याची नोंद) गुरुवारी मागची तारीख टाकून केला, तर मधल्या सगळ्या व्यवहारांचं मूल्यांकन मागे पुन्हा चालतं. ते काम रांगेत अडकलं तर स्टॉक लेजर एक बोलतं, ताळेबंद दुसरं. म्हणून निगेटिव्ह स्टॉकची परवानगी बंद ठेवायची, महिना संपला की मागचा स्टॉक फ्रीझ करायचा आणि ‘स्टॉक अँड अकाउंट व्हॅल्यू कम्पॅरिझन’ रिपोर्ट दर आठवड्याला बघायचा. स्टोअरवाल्याला सुरुवातीला हे जाचक वाटतं. वाटू द्या.

जॉबवर्क, म्हणजे बाहेरून करून घ्यायचं काम, मात्र छान बसलं. प्रत्येक प्लेटरच्या नावाचं गोदाम केलं की कुणाकडे किती माल पडून आहे ते एका रिपोर्टमध्ये दिसतं. जीएसटीत पाठवलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवल्या दिवशीचा पुरवठा धरला जातो. त्यामुळे हा रिपोर्ट नुसता शोभेचा नाही.

जॉब कार्ड, म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ लागला याची नोंद, जमलं नाही. ऑपरेटर मशीनवर हात भरलेले असताना स्क्रीनला हात लावत नाही. सुपरवायझर शिफ्ट संपताना अंदाजे वेळा भरतो. त्या वेळांवरून कॉस्टिंग करण्यात अर्थ नाही. पगारही जुन्याच सॉफ्टवेअरवर ठेवला आहे, हलवायची घाई नाही.

जुने व्यवहार इकडे आणू नका. कंपनी असेल तर हिशेब 8 वर्षं जपावे लागतात, तेव्हा टॅली फक्त वाचण्यापुरती एका मशीनवर चालू ठेवा आणि फॉक्सप्रोच्या डीबीएफ (डेटाच्या) फाइल्स एक्सेलमध्ये उघडणाऱ्या सीएसव्हीत काढून घ्या. तो जुना पीसी भंगारात जायच्या आधी.