फ्रेमवर्क लॅपटॉप १३ : बोर्ड बदलायची सोय खरंच कामाची आहे का?

हा लॅपटॉप २०२१ साली अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर आला. त्याच बॉडीत २०२५ चा, एएमडीच्या रायझन एआय ३०० प्रोसेसरचा बोर्ड (म्हणजे प्रोसेसरसकट मदरबोर्ड) बसतो, आणि याचं श्रेय आधीच्या आखणीला. स्क्रूच्या जागा, बॅटरी-स्क्रीनचे कनेक्टर आणि यूएसबी-सीच्या चार खाचा (यांत हव्या त्या पोर्टची छोटी कार्डं बसतात) सुरुवातीलाच पक्क्या केल्या. पुढचा प्रत्येक बोर्ड त्याच मापात बेतला. बॅटरी ५५ वरून ६१ वॉट-तासांवर गेली, स्क्रीन २.८के झाली, तरी दोन्ही जुन्या मशिनमध्ये बसतात. इतकी शिस्त लॅपटॉपच्या धंद्यात क्वचितच दिसते.

गाडी अडते ती रॅमवर. इंटेलच्या तेराव्या पिढीपर्यंत डीडीआर४ प्रकारची रॅम, रायझन ७०४० पासून डीडीआर५. जुनी रॅम नव्या बोर्डात जातच नाही, त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना बोर्डासोबत रॅमही धरा. एसएसडी मात्र तीच चालते.

बोर्ड बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा; कुलपाची किल्ली सांभाळणारा टीपीएम बोर्डाबरोबर जातो, रिकव्हरी की नसेल तर डेटा कुलूपबंद. खालचे पाच टी५ (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू सैल करा (ते सुटून पडत नाहीत), कीबोर्डचा भाग हळूच उचला, कारण टचपॅडची पट्टी-केबल खाली जोडलेली असते. मग सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. वायफायच्या अँटेनाच्या दोन तारा सर्वांत नाजूक: सरळ वर उचलायच्या, तिरकं ओढलं की टोक वाकतं. डीडीआर५ असलेला बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. रॅमची जुळणी चालू असते. घाबरून बटण दाबून धरू नका.

रायझन ७०४० वर चारही खाचा सारख्या नाहीत. मागच्या दोन यूएसबी४ (जास्त वेगाच्या), पुढच्या दोहोंपैकी एकीतून बाहेरच्या स्क्रीनला डिस्प्ले मिळत नाही. यूएसबी-एचं कार्ड मागे लावलं तर बॅटरी जास्त खातं, ते पुढेच लावा.

बारावी-तेरावी पिढी वापरत असाल तर नुसत्या ऑफिसकामासाठी बोर्ड बदलू नका. आधी बॅटरी आणि बिजागऱ्या बदला, फरक रोज जाणवेल. अकरावीवाल्यांनी मात्र बदलावा. त्या बोर्डावरचा छोटा रिचार्जेबल सेल पूर्ण उतरला की मशिन सुरूच होत नाही. निघालेला बोर्ड कूलर मास्टर कंपनीच्या, याच बोर्डासाठी बनवलेल्या केसमध्ये घालून घरचा सर्व्हर करता येतो. त्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बॅटरीशिवाय चालवायचा पर्याय चालू करा.