एक्सझेडचा 'जिया टॅन' आणि त्याच्या पाठीराख्यांची घाई

माझ्या चाचणीच्या सर्व्हरवर डेबियन या लिनक्स प्रणालीची टेस्टिंग आवृत्ती होती आणि मार्च 2024 मध्ये नेहमीच्या अपडेटबरोबर एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची 5.6.1 ही आवृत्ती तिच्यात येऊन बसली. 29 मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याने त्यात चोरदरवाजा असल्याचे जाहीर केल्यावर सर्व्हर पुसून नव्याने उभारावा लागला आणि त्यावरच्या साऱ्या डिजिटल किल्ल्या (लॉगिनसाठीच्या गुप्त फायली) बदलाव्या लागल्या. तो चोरदरवाजा घुसवून ज्याने आम्हा सर्वांना फसवले तो 'जिया टॅन' कोण, हे अजून उघड झालेले नाही.

त्याचे खाते 2021 मधले. सुरुवातीचे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, छोटे आणि खरोखर उपयोगी होते. एक्सझेड सांभाळणारे लासे कॉलिन हे काम हौसेखातर, बिनपगारी करत होते; 2022 मध्ये त्यांनी आपल्या मानसिक अस्वास्थ्याबद्दल मोकळेपणाने लिहिले, तरीही 'जिगर कुमार' आणि 'डेनिस एन्स' या नावांनी पॅच रखडल्याचा आणि कारभार दुसऱ्याकडे सोपवण्याचा तगादा चालूच राहिला. 'जिगर कुमार' हे नाव आपल्याकडच्या कोणत्याही आयटी कंपनीत खपून जाईल. त्या तगाद्यापलीकडे या माणसाचा मागमूस नाही, हे मात्र सगळे घडून गेल्यावर लक्षात आले. अखेरीस नवी आवृत्ती प्रकाशित करण्याचा अधिकार टॅनकडे गेला.

घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या दाबीव फायलींमध्ये लपवला होता आणि तो बाहेर काढणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल सर्वांसमोर नोंदवणाऱ्या भांडारात, नव्हतीच. ती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या फायलींच्या गाठोड्यात, होती, त्यामुळे गिटमधला कोड डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्यालाही ती सापडली नसती. चोरदरवाजामुळे एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे फ्रॉइंड यांना खटकले म्हणून बिंग फुटले.

यावर उपाय म्हणून कोड देणाऱ्या सर्वांकडून पासपोर्ट मागावा, असे अनेकांनी सुचवले. मला ते पटत नाही, कारण एवढा धीर धरणाऱ्याला बनावट कागद जड नाहीत, आणि नाव लपवण्याची रास्त कारणे असलेले प्रामाणिक लोक मात्र दूर जातील. डेबियनमध्ये नव्या सदस्याच्या ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीवर जुने सदस्य प्रत्यक्ष भेटून सही करतात, ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी प्रकाशनाचा अधिकार देण्यापूर्वी त्या व्यक्तीचे इतर प्रकल्पांतले जुने काम पाहावे, तिच्यासाठी घाई करणारी खाती कधीची आहेत ते तपासावे आणि प्रत्येक टारबॉल गिटवरून स्वतः तयार करून ताडून पाहावा.