मुन्सेलचं माती-रंगांचं पुस्तक: रस्त्याकडेच्या पाणथळ सर्वेक्षणासाठी घ्यावं का?

घ्यावंच. पण कोणत्या कामासाठी घ्यायचं आणि कुठं त्याच्यावर विसंबायचं नाही, हे आधी समजून घ्या.

अमेरिकेतल्या काउंटीला (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाला) रस्ता रुंद करायचा असो किंवा जुनी मोरी बदलायची असो, पाणथळ जमिनीची हद्द आधी आखावी लागते. पाणथळीतल्या कामांना परवाना देणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या १९८७ च्या मॅन्युअलनुसार त्यासाठी वनस्पती, माती आणि पाणी असे तीन पुरावे पाहिले जातात. रस्त्याकडेला पहिला पुरावा बहुधा गवत कापणाऱ्या यंत्राखाली गेलेला असतो आणि पाणी ऋतूप्रमाणे येतं-जातं. अशा वेळी बराच भार मातीच्या रंगावर पडतो आणि तो रंग ठरवायला हे पुस्तक लागतं.

पुस्तक म्हणजे कड्यांची एक लहान फाइल आहे. पानांवर चिपा, म्हणजे रंगाचे छोटे नमुना-तुकडे, असतात. प्रत्येक पान एका ह्यूचं, म्हणजे एका मूळ रंगछटेचं असतं. पानावर खालून वर व्हॅल्यू वाढते, म्हणजे रंग उजळ होतो. डावीकडून उजवीकडे क्रोमा वाढतो, म्हणजे रंग भडक होतो. १० वायआर ४/२ याचा अर्थ ह्यू १० वायआर (वायआर म्हणजे पिवळा-लाल), व्हॅल्यू ४, क्रोमा २. चिपांच्या शेजारी गोल छिद्रं असतात. मातीचं ढेकूळ पानाच्या मागं धरून छिद्रातून बघायचं. ही साधी सोय या पुस्तकाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण माती आणि चिप एकाच नजरेत, एकाच उजेडात येतात. सोबतची खिडक्या कापलेली कार्डं अनेक जण फाइलच्या खिशातून काढतच नाहीत. ती वापरा. शेजारच्या दहा चिपा झाकल्या की डोळ्याची फसगत कमी होते. गडद मातीला गडद कार्ड घ्यावं, फिक्या मातीला फिकं.

पाणथळीच्या कामात सगळी मदार क्रोमा २ आणि ३ यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर असते. माती दीर्घकाळ चिबड राहिली की तिच्यातली हवा संपते, जिवाणू लोहाचं क्षपण करतात, लोह विरघळून निघून जातं आणि माती करडी पडते. जिथं पुन्हा हवा मिळते तिथं तेच लोह गंजाच्या डागांसारखं साठतं. म्हणूनच ‘डिप्लीटेड मॅट्रिक्स’ (मॅट्रिक्स म्हणजे थरातल्या मातीचा मुख्य रंग, इथं लोह गेल्यानं करडा पडलेला) या खुणेसाठी किमान ६० टक्के मातीचा क्रोमा २ किंवा त्याहून कमी लागतो. व्हॅल्यू ६ किंवा जास्त असेल तर डाग नसले तरी चालतं. पण १० वायआर ४/२ असेल, तर स्पष्ट किंवा ठळक डाग किमान २ टक्के हवेत. थराची जाडीही मोजावी लागते: तो वरच्या १० इंचांच्या आत सुरू होऊन ६ इंच जाड असावा, किंवा पूर्णपणे वरच्या ६ इंचांत असेल तर २ इंच पुरतो.

डाग ‘स्पष्ट’ आहे का, हेही पुस्तकावरूनच ठरतं. मॅट्रिक्स १० वायआर ४/२ आणि डाग ४/३ असेल तर फरक अंधुक धरला जातो, तो मोजायचा नाही. डाग ४/४ असेल तर स्पष्ट आणि ४/६ असेल तर ठळक. एका चिपेचा हा फरक नकाशावरची रेघ हलवतो.

ती हलली तर काय होतं? एक हजार फूट लांबीच्या रुंदीकरणात हद्द फक्त तीन फुटांनी सरकली, तरी तीन हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ०.०७ एकर बाधित क्षेत्र वाढतं किंवा घटतं. रस्त्यांसाठीच्या नेशनवाइड परमिट १४ (लहान कामांसाठीचा देशव्यापी परवाना) ची मर्यादा भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यात अर्धा एकर आहे. पाणथळीचं नुकसान एक दशांश एकरच्या वर गेलं की साधारणपणे किमान एकास एक भरपाई, म्हणजे गेली तितकी पाणथळ भरून द्यावी लागते. एक दशांश एकर म्हणजे ४,३५६ चौरस फूट, म्हणजे तीन फुटांच्या त्या चुकीत या मर्यादेचा दोन तृतीयांशाहून मोठा वाटा जातो. रस्त्याचं काम लांब आणि अरुंद असतं, म्हणून इथं क्रोमाचं वाचन इतकं महाग पडतं.

पुस्तकाची खरी उणीव नेमकी याच ठिकाणी आहे. २ आणि ३ यांच्या मध्ये चिपच नाही. माती या दोहोंच्या मधली निघाली की अनेक जण जवळची चिप लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. क्रोमा कधीही खाली ओढून बसवायचा नाही. असा नमुना ‘२+’ असा लिहायचा आणि तो ‘२ किंवा कमी’ या अटीत बसत नाही असं धरायचं. तपासणारा अधिकारी पुन्हा खड्डा खणून पाहील, तेव्हा हा अधिकचा ‘+’ तुमच्या नोंदीची लाज राखतो. वरच्या बाजूला ५ आणि ७ हे क्रोमाही पुस्तकात नाहीत, पण हद्द आखताना त्यांची अडचण क्वचितच येते.

आता वाचनाची रीत. खड्डा साधारण २० इंच खोल घ्या आणि फावड्यानं अखंड काप बाहेर काढा. गिरमिटानं काढलेली माती पिळवटते आणि तिची धार डागांवर चिखल फासते, म्हणून गिरमीट फक्त खालची खोली चाचपायला ठेवा. ढेकूळ बोटांनी मोडा, चाकूनं कापू नका. रंग ताज्या मोडीवर वाचायचा. माती ओलसर हवी: स्प्रे बाटलीतलं पाणी थोडं थोडं मारा, आणि आणखी पाणी मारूनही रंग बदलेनासा झाला की थांबा. पृष्ठभाग चकाकत असेल तर पाणी जास्त झालंय. चकाकी विरेपर्यंत थांबा.

उजेड नैसर्गिक हवा. पहाटे, संध्याकाळी आणि दाट झाडीखाली वाचन बिघडतं. सूर्य पाठीशी घ्या, गॉगल काढा, उन्हात आपोआप गडद होणारा चष्माही काढा. रस्त्याच्या कामात आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. अंगातलं केशरी किंवा पोपटी सुरक्षा जॅकेट पानावर आपली झाक टाकतं. वाहतुकीपासून सुरक्षित अंतरावर, रस्त्याच्या उताराखाली उभे असाल तर पुस्तक जॅकेटपासून लांब, हात ताठ करून धरा. जॅकेट काढणं हा पर्याय नाही. लाल-हिरवा भेद कमी दिसणाऱ्यानं हे वाचन दुसऱ्याकडून करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

ग्लेची पानं (हिरवट, निळसर करडे रंग) असतील तर आधी तीच उघडा, कारण या मातीला वेळ कमी असतो. क्षपित लोह हवेत येताच गंजू लागतं आणि रंग अर्ध्या तासाच्या आतच बदलू शकतो. आधी ह्यू, व्हॅल्यू आणि वेळ लिहा, मग बाकीची नोंद. रंग बदलला तर तोही एक पुरावाच असतो, पण आधीचं वाचन नोंदलेलं असेल तरच.

पुस्तक कुठं तोकडं पडतं, हे खरेदीआधी कळायला हवं. भराव ही पहिली अडचण. दुसरीकडून आणलेल्या मातीत तिचा जुना करडा रंग तसाच असतो आणि पुस्तक तो प्रामाणिकपणे वाचून दाखवतं. तो इथल्या पाण्याचा की मूळच्या जागेचा, हे त्याला सांगता येत नाही. रस्त्याकडेचा चर ही दुसरी. चरानं पाणी काढून नेलं तरी मातीचा करडेपणा वर्षानुवर्षं टिकतो. उलट मोरी तुंबून नवं तळं साचलं असेल तर पाणी आधी येतं आणि रंग मागून येतो. इथं डागांच्या कडा बघाव्या. कडा विरलेल्या असतील तर प्रक्रिया चालू असण्याची शक्यता जास्त, धारदार असतील तर डाग जुने असू शकतात. जिवंत मुळांभोवती गंजाचं अस्तर दिसलं तर तो चांगला आधार.

गवताळ प्रदेशातल्या काळ्याभोर मातीत सेंद्रिय द्रव्य सगळे डाग झाकतं, तेव्हा काळ्या थराच्या खाली उतरावंच लागतं. आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या कनेक्टिकट खोऱ्यासारख्या तांबड्या मूळ खडकाच्या मातीत करडेपणा उमटायलाच तयार नसतो. तिच्यासाठी वेगळी खूण वापरावी लागते.

हातात मावणारे कलर सेन्सर याला पर्याय म्हणून विकले जातात. त्यांचा स्वतःचा दिवा असतो, त्यामुळे उजेडाची भानगड राहत नाही, हे खरं. पण ते खिडकीखालच्या सगळ्या मातीची सरासरी सांगतात. दोन मिलिमीटरचा गंजाचा डाग आणि भोवतालची करडी माती त्यात मिसळून जाते, आणि पाणथळीच्या कामात नेमकी हीच दोन वाचनं वेगळी हवी असतात. मॅट्रिक्स एकसारखा असेल तर पडताळणीला सेन्सर ठीक. फोनच्या फोटोवरून रंग ठरवू नये, कारण कॅमेरा पांढरेपणा आपल्या मनानं जुळवतो.

निगा फार नाही, पण नेमकी हवी. चिखलाच्या बोटांनी चिपांना हात लावायचा नाही, माती पानाच्या मागून धरायची. धुता येणारी आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पुस्तक ठेवू नका, चिपा विटतात आणि ते हळूहळू होत असल्यानं लक्षात येत नाही. कार्यालयात एक प्रत अंधारात, न वापरता ठेवा आणि हंगामाच्या सुरुवातीला १० वायआर आणि २.५ वाय (वाय म्हणजे पिवळा) ही दोन पानं तिच्याशी ताडून बघा. सर्वाधिक झिजतात ती हीच पानं, त्यातही क्रोमा १ ते ३ चे स्तंभ. तिथं फरक दिसला की तीच पानं बदला.

एकाच चमूत दोन पुस्तकं असतील, तर कोणत्या खड्ड्याला कोणतं वापरलं हे नोंदपत्रावर लिहा. हद्दीच्या दोन्ही बाजूंचे जोडखड्डे, म्हणजे पाणथळीतला आणि कोरड्यातला, एकाच माणसानं, एकाच पुस्तकानं, लागोपाठ वाचावेत.