प्रॉव्हिडन्स पार्क, पोर्टलंड: इथे एक मॅच बघाच

"अमेरिकेत सॉकर बघतं कोण?" असं माझा धाकटा भाऊ फोनवर नेहमी विचारतो. त्याला एकदा इथल्या उत्तरेकडच्या स्टँडमध्ये आणून उभं करायचंय. ९० मिनिटं तिथे कोणी खाली टेकत नाही आणि ढोल थांबत नाहीत. इथल्या टिंबर्स संघाने गोल केला की संघाचा लाकूडतोड्या मॅस्कॉट टिंबर जोई करवतीचं मशीन सुरू करून भल्यामोठ्या ओंडक्याची चकती कापतो. घर्रर्र आवाज, उडणारा भुसा, आणि ती चकती गोल करणाऱ्याची! माझी लेक माझ्या खांद्यावर बसून किंचाळत होती.

याच मैदानावर १९७७ साली पेले आपला शेवटचा अधिकृत सामना खेळला. तो जिच्यात खेळायचा ती जुनी अमेरिकन लीग (एनएएसएल) १९८४च्या हंगामानंतर बंद पडली. लोक मोठी नावं बघायला यायचे, नावं गेली तशी गर्दीही गेली. १९९६ला सुरू झालेली आताची लीग, मेजर लीग सॉकर (एमएलएस), मात्र टिकली. माझ्या मते ती अशा स्टँडमुळेच टिकली, कारण इथली माणसं आपल्या गावाच्या संघासाठी येतात.

मॅक्स ही शहरातली लोकल ट्रेन स्टेडियमपाशीच थांबते, गाडी घरीच ठेवा. आई-बाबांना नेणार असाल तर बाजूच्या स्टँडचं तिकीट काढा, तिथे बसायला मिळतं.