स्काय ब्रिज: टोलवाला बरा की सरकारी?

स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या लोकांनी एकाच पुलावर दोन्ही पर्याय भोगलेत, म्हणून तुलना करायला हा पूल बेस्ट. १९९५ ला खाजगी कंपनीचा टोलवाला पूल सुरू झाला आणि तिथली फेरीबोट लगेच बंद, म्हणजे कामाला, दवाखान्यात, बाजारात जायचं तर टोल भरा नाहीतर लांबून दुसऱ्या बोटीने या, ह्याला चॉइस म्हणतात का? २००४ मध्ये उन्हाळ्यात कारला एका बाजूचे ५.७० पौंड, जाऊन येऊन ११.४० पौंड! लोकांनी सरळ टोल भरायला नकार दिला, कोर्टात गेले, शंभरावर लोकांना शिक्षा झाल्या, पण ते हटले नाहीत.

दुसरा पर्याय सरकारी. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने सुमारे २७ दशलक्ष पौंड देऊन पूल विकत घेतला आणि टोल बंद. हा पैसाही जनतेचाच, मान्य. पण तो भार सगळ्या देशात वाटला जातो, नुसत्या बेटावरच्यांच्या बोकांडी बसत नाही. खाजगी पैशाने पूल लवकर होतो म्हणतात, तरी पर्यायी बोट चालू ठेवायलाच हवी होती. माझं मत ठामपणे सरकारी पुलालाच.