पार्किंगचा पास म्हणून एपीके आली आणि ८४,८९८ रुपये गेले

रक्कम आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट वाचलं जाईल. ८४,८९८ रुपये. त्यातले ५९८ मी स्वतःच्या हाताने पाठवले, १ रुपया 'पडताळणी'चा, आणि उरलेले ८४,२९९ रात्री २ वाजून १३ मिनिटं ते २ वाजून २१ मिनिटं एवढ्या वेळात तीन हप्त्यांत गेले: ४९,९९९, मग २४,५००, मग ९,८००. मी झोपले होते. पहाटे साडेचारला निघायचं म्हणून लवकर झोपले होते.

आम्ही चौघं कोल्हापूरहून पुण्याला दोन दिवसांच्या गेम डेव्हलपमेंटच्या मीटअपला निघालो होतो. शनिवारी सकाळी जमायचं, रविवारी संध्याकाळपर्यंत छोटा गेम उभा करायचा, एकमेकांच्या फोनवर खेळून बघायचा. माझा डेस्कटॉप, चोवीस इंची मॉनिटर, ड्रॉइंग टॅब्लेट, दोन एक्स्टेन्शन बोर्ड आणि चार माणसं. एसटीने स्वारगेटला उतरून तिथून मेट्रो धरता आली असती, मागच्या वेळी मी आणि भाऊ तसेच गेलो होतो, पण तेव्हा पाठीवर फक्त लॅपटॉप होते. या वेळी गाडीशिवाय जमणारच नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण ऐकणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो की गाडी न्यायची गरजच काय होती.

जागा नळ स्टॉपजवळ, कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला. आयोजकांनी ग्रुपवर सरळ लिहिलं होतं की चारचाकीची सोय नाही, ज्याने त्याने बघावी. त्या गल्ल्यांमधून गाडी फिरवली असेल त्याला माझी काळजी कळेल. सोसायटीच्या प्रत्येक गेटवर 'फक्त रहिवाशांसाठी', रस्त्यावर सम-विषम तारखांच्या पाट्या, आणि चुकलं की चाकाला जॅमर. दोन दिवस गाडी तशी रस्त्यावर सोडून आत बसून कोड लिहिणं मला शक्य नव्हतं. म्हणून मी ग्रुपवर विचारलं, "दोन दिवसांसाठी चारचाकी कुठे लावता येईल?" त्या ग्रुपची लिंक नोंदणीच्या पानावर उघडी होती. कोणीही आत येऊ शकत होतं आणि आत आलेल्याला सगळ्यांचे नंबर दिसत होते.

वीस मिनिटांत मला वेगळा मेसेज आला. डीपीला मीटअपचाच लोगो. "मॅम, शनिवार-रविवार फोर व्हीलर पार्किंग, नळ स्टॉपपासून चालत चार मिनिटं, मर्यादित २५ गाड्या, दिवसाला २९९." लोकेशन पाठवलं, भिंतीने बंदिस्त प्लॉटचे दोन फोटो पाठवले, गाडीचा नंबर विचारला. दर अवाच्या सवा नव्हता आणि फुकटही नव्हता. दोन दिवसांचे ५९८ मी यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला, "मालकीणबाईंचं खातं आहे ताई, प्लॉट त्यांचा आहे." मला पटलं. पुण्यात लोक आपला मोकळा प्लॉट, बंगल्याचं अंगण असं भाड्याने देतातच, त्यात वावगं काय वाटणार?

आता ती वेळ, जी गेले दीड महिना मला झोपू देत नाही.

शुक्रवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटं. त्याने फाइल पाठवली. नाव 'पार्किंग पास', शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर थेट ॲप टाकायची फाइल. "यात क्यूआर येईल, तोच गेटवर दाखवायचा, वॉचमन स्क्रीनशॉट घेत नाही." दुसऱ्या कोणाला एपीके आली असती तर कदाचित तो थबकला असता. मी थबकले नाही, आणि त्याचं कारण माझं अज्ञान नव्हतं. माझं कामच एपीकेचं आहे. आम्ही मोबाइल गेम बनवतो. २०२३ च्या सप्टेंबरात युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेण्याची घोषणा केली तेव्हा आम्ही गोडो या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आलो. पुढच्या सप्टेंबरात युनिटीने ती फी मागे घेतली, पण आम्ही परतलो नाही. रोज बिल्ड, म्हणजे गेमची नवी एपीके काढायची, फोनवर टाकायची, चुका बघायच्या, पुन्हा काढायची. डीबग किल्लीने, म्हणजे फक्त चाचणीपुरती डिजिटल सही केलेली बिल्ड असली की फोन इशारा देतो, मी 'तरीही इन्स्टॉल करा' दाबते. त्या शुक्रवारी दिवसभरात मी ते बटण निदान तीस वेळा दाबलं होतं. अनोळखी ठिकाणची ॲप्स टाकायची परवानगी माझ्या फोनवर कायम चालू असते. तो इशारा माझ्यासाठी इशारा उरलाच नव्हता. एकतिसाव्या वेळीही अंगठा आपोआप तिथेच गेला.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकते. पुढचं नाही करू शकत. ॲप उघडल्यावर त्याने विचारलं: एसएमएस पाहण्याची आणि पाठवण्याची परवानगी द्यायची का? आमच्या गेमला कोणती परवानगी लागते ते मी स्वतः मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहिते. आमचा गेम फक्त फोन थरथरवण्याची परवानगी मागतो, तीही नको म्हणून आमच्यात वाद झाला होता. पार्किंगच्या पासाला माझे एसएमएस कशाला हवेत, हा प्रश्न मला पडायलाच हवा होता. लॅपटॉपवर बिल्ड चालू होती, स्वयंपाकघरातून आई विचारत होती की पहाटे डबा किती जणांचा करू, आणि मी 'परवानगी द्या' दाबलं. पुढच्या पानावर 'पडताळणीसाठी १ रुपया', तिथे डेबिट कार्डचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे. ओटीपी टाकावाच लागला नाही, तो आपोआप भरला गेला. मला ते सोयीचं वाटलं. माझा ओटीपी कोणीतरी माझ्या आधी वाचतोय, हे माझ्या समोर घडत होतं आणि मला ते सोयीचं वाटलं.

क्यूआर आला. खरोखरचा दिसणारा, वर आमच्या गाडीचा नंबर.

पहाटे निघालो. वाटेत किणीचा टोल फास्टॅगमधून गेला, त्यामुळे काही कळलं नाही. कराडला पेट्रोल भरलं, २,००० रुपये द्यायला गेले तर 'अपुरी शिल्लक'. खात्यात ६१२ रुपये. रात्रभरात एकही मेसेज दिसला नव्हता, कारण ते ॲप मेसेज पुढे पाठवत होतं आणि इथे दिसू देत नव्हतं. त्या खात्यात तिघांनी दिलेले प्रत्येकी १,४०० असे ४,२०० रुपयेही होते, पेट्रोल, टोल आणि जेवणाचे. पंपावर पोरगं नळी हातात घेऊन उभं, मागे दोन गाड्या, आणि मला मित्राला सांगावं लागलं की तू भर, माझ्याकडे काही नाही.

माझी पुढची चूकही लिहून ठेवते. मी त्याच फोनवरून बँकेला फोन करत बसले. ते ॲप अजून आत होतं. असं झालं तर आधी त्या फोनचं नेट बंद करा, सिम काढा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बोला. बँकेची यंत्रणा खातरजमेसाठी ओटीपी पाठवत होती, तोही त्याच फोनवर. सव्वीस मिनिटं 'यासाठी दोन दाबा, त्यासाठी तीन दाबा', मग माणूस आला आणि म्हणाला, "मॅडम, ओटीपी टाकूनच व्यवहार झालेत, म्हणजे तुम्हीच केलेत." कार्ड बंद केलं, बाकी सोमवारी शाखेत या म्हणाला. तो दुसरा शनिवार होता, बँका बंद. या लोकांना कॅलेंडर पाठ असतं.

मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला. तिथल्या बाईंनी मात्र नीट ऐकलं, व्यवहारांचे क्रमांक घेतले, तक्रारीचा क्रमांक दिला. शेवटचे ९,८०० कुठल्यातरी खात्यात अडवले गेले ते त्यांच्यामुळे. बँकेच्या आधी हा फोन केला असता तर कदाचित आणखी काही अडलं असतं. आधी १९३०. मग बँक.

पुण्यात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. तरी एक वेडी आशा होती की निदान जागा तरी खरी असेल. लोकेशनवर एका सोसायटीची मागची भिंत होती. फोटोतला प्लॉट तिथे नव्हताच. वॉचमन काका म्हणाले, "सकाळपासून तुमची चौथी गाडी. आधीच्यांकडेही असाच चौकोन होता मोबाइलवर." चौथी. म्हणजे आणखी तिघांनी तरी पैसे भरले होते, आणि ते ॲप त्यांच्याही फोनमध्ये असणार. मी तिथूनच ग्रुपवर सगळं लिहिलं. तो नंबर तोवर ग्रुपमधून निघून गेला होता.

गाडी शेवटी मैत्रिणीच्या मावशीकडे लावली, वनाझजवळ. त्यांच्या पार्किंगमध्ये दोन जागा वर्षभर रिकाम्या असतात. मावशी म्हणाल्या, "अगं, एक फोन करायचा होतास." वनाझहून नळ स्टॉप मेट्रोने तिसरं स्टेशन, मध्ये आनंदनगर आणि आयडियल कॉलनी. कोल्हापूरकडून येणाऱ्याला वारज्यावरून चांदणी चौकात यायचं, पौड रस्त्याला लागायचं, गाडी कोणा ओळखीच्या माणसाकडे ठेवायची आणि पुढे मेट्रो. आम्ही डेस्कटॉप आणि मॉनिटर रिक्षाने पाठवले आणि बाकीचे मेट्रोने गेलो. त्या भागात पार्किंगच्या मागे लागायचंच नव्हतं. पण हे शुक्रवारी सुचलं नाही.

दुपारी पोलिस चौकीत गेले. हवालदार म्हणाले, "बँक कोल्हापूरची, पत्ता कोल्हापूरचा, तिकडे द्या तक्रार." सोमवारी कोल्हापुरात गेले. "जागा पुण्याची, पार्किंग पुण्याचं, पुण्यात द्यायला हवी होती." मी सांगितलं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. साहेब म्हणाले, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका. एवढं कळतं तर ॲप कशाला टाकलं?" शेजारच्या बाकावर पाच-सहा माणसं होती, सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझं वय चौतीस, बारा वर्षं कोड लिहितेय. त्या दिवशी मला कुणीतरी शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. पैसे गेल्याचं दुःख एकीकडे, पण चोर सोडून माझीच उलटतपासणी चालते याचा संताप अजून उतरलेला नाही. तो नंबर आजही चालू आहे. ज्या खात्यात ५९८ गेले ते खातं कोणाच्या तरी कागदपत्रांवर उघडलंय, त्या बँकेने कुणाची तरी ओळख तपासली असेल ना? तो एक धागा ओढायला कोणी तयार नाही. चार फेऱ्यांनंतर अर्जावर शिक्का मिळाला. गुन्हा नोंदवला नाही, फक्त अर्ज. "लाखाच्या आतलं आहे," असंही एकजण म्हणाला, जणू लाखाच्या आतली चोरी ही चोरीच नव्हे.

बँकेने एकोणिसाव्या दिवशी दोन ओळींची मेल पाठवली: व्यवहार ग्राहकाच्या ओटीपीने झाल्याने रक्कम परत करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं. त्यात चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. शाखेतल्या बाईंनी ते न वाचताच परत दिलं. आता मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. बँकेने नाकारलं किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर ती करता येते, त्यासाठी वकील लागत नाही, पैसेही लागत नाहीत. बँकेला तोंडी काही सांगू नका, प्रत्येक गोष्ट लेखी द्या आणि पोच घ्या. अडवलेले ९,८०० सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला तेव्हा सांगितलं होतं.

जे माझ्यासारखे रोज बिल्ड टाकतात त्यांना सांगते: टेस्टिंगच्या फोनमध्ये बँकेशी जोडलेलं सिम ठेवू नका. मी ठेवलं होतं, कारण दुसरा फोन जड होता, एवढंच कारण. अनोळखी ठिकाणची ॲप्स टाकायची परवानगी काम झालं की बंद करा, रोज, कंटाळा आला तरी. कार्डाची ऑनलाइन मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये शून्यावर ठेवता येते, लागेल तेव्हा वाढवा. ##००२# लावून कॉल कुठे वळवलेले असतील तर ते रद्द करा. आणि आयोजकांनो, ग्रुपची लिंक उघडी टाकू नका. पार्किंगची सोय नसेल तर निदान स्वतःच्या नावाने चार ठिकाणं सुचवा, कारण तुम्ही सोडलेल्या त्या रिकाम्या जागेतच हा माणूस येऊन बसला.

मित्रमैत्रिणींचे ४,२०० मी दोन महिन्यांत फेडते आहे. आईला मी अजून ८४ हजार सांगितलेले नाहीत, दहा सांगितलेत.

त्या शनिवारी त्या भिंतीपाशी आलेल्या तीन गाड्यांतलं कोणी हे वाचत असेल, तर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, फक्त ५९८ गेले असले तरी. ठाण्यात मला स्पष्ट सांगितलंय की एकाच नंबरवर तीन-चार तक्रारी आल्या तरच फाइल पुढे सरकेल. माझी एक आहे.