‘अंडर डिस्प्यूट’ दाखवून सिबिल ‘साफ’ करणारे

गृहकर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावर थोड्याच दिवसांत फोन आला. “सर, तुमच्या सिबिल रिपोर्टमध्ये सेटल्डचा शेरा आहे. तो काढून देतो, स्कोअर ७५०च्या वर नेतो. गॅरंटी.”

शेरा होता हे खरं. जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी मी तडजोडीने कमी रकमेत मिटवली होती. वसुलीवाला तेव्हा म्हणाला, “आता विषय संपला.” (त्याच्यापुरता संपतोच. रिपोर्टमध्ये मात्र ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ पडतं आणि ते वाचून पुढची बँक हात आखडते.)

फोनवरचा माणूस चांगलाच माहीतगार होता. डीपीडी (हप्ता किती दिवस थकला), राइट-ऑफ (बँकेने बुडीत धरलेलं कर्ज), हार्ड इन्क्वायरी (कर्जासाठी झालेली चौकशी), सगळं तोंडपाठ. निम्मी फी आधी, निम्मी काम झाल्यावर. पॅन आणि आधारची प्रत घेतली, शिवाय ‘लॉगिनसाठी’ म्हणून मोबाइलवर आलेले ओटीपीही. मग एक स्क्रीनशॉट पाठवला. त्या कार्डाच्या नोंदीवर ‘अंडर डिस्प्यूट’ लिहिलेलं. “बघा सर, बँक नरमली. आता फक्त निघायचं बाकी आहे. उरलेली फी टाका.” मी टाकली.

खरी मेख इथेच आहे. डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, कुणालाही आपल्या रिपोर्टवर ऑनलाइन, फुकट टाकता येतो. तो टाकला की तक्रार खरी असो वा खोटी, नोंदीवर हा शेरा येतोच. मग ब्युरो (कर्जांच्या नोंदी ठेवणारी सिबिलसारखी कंपनी) बँकेला विचारतो. ‘नोंद बरोबर आहे’ असं बँकेने कळवलं की शेरा उतरतो आणि जुनी नोंद जशीच्या तशी राहते. बँकेच्या दुजोऱ्याशिवाय ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, मग हा तिऱ्हाईत काय बदलणार? पण मधल्या काळात त्याच्याकडे दाखवायला एक चित्र असतं, आणि तो त्या चित्राचे पैसे घेतो. माझा डिस्प्यूट फेटाळला गेला तोवर त्याचा नंबर बंद झाला होता.

फी गेली त्याहून वाईट पुढे होतं. रिपोर्ट पुन्हा काढला तर कधी नावही न ऐकलेल्या कर्जाच्या ॲपवाल्यांच्या इन्क्वायऱ्या, त्याला दिलेल्या माझ्या पॅनवर! आपण स्वतः स्कोअर पाहिल्याने तो घटत नाही, पण कर्जासाठीच्या अशा चौकशा लागोपाठ झाल्या की घटतो. म्हणजे स्कोअर वाढवायला पैसे दिले आणि तो आणखी खाली आला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

सेटल्डचा शेरा शेवटी बँकेतूनच निघाला. तडजोडीत माफ झालेली रक्कम भरायची तयारी लेखी कळवली, किती भरायचे याचं पत्र घेतलं, भरले आणि काही देणं उरलं नसल्याचं ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घेतलं. २०२५पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला ब्युरोला माहिती द्यावी लागते, त्यामुळे ‘क्लोज्ड’ दिसायला फार थांबावं लागलं नाही. स्कोअर लगेच उडी मारत नाही, हेही सांगतो. हप्त्यांचा इतिहास ३६ महिन्यांपर्यंतचा दिसतो. उशिराचे महिने मागे पडायला वेळ जातोच.

त्या इन्क्वायऱ्या मात्र खरोखर चुकीच्या होत्या. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. ते चारही काढले आणि जिथे जिथे त्या दिसल्या तिथे स्वतः डिस्प्यूट टाकले. बहुतेक निघाल्या. एका कंपनीचं उत्तर यायचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ती मुदत उलटली की मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करणार आहे.